टॉवरखालचा दुसरा माणूस

"तित्तर होतं, व्हर्ना! एक फालतू तित्तर!"

डेल पेन्हेल फोनवर इतका ओरडत होता की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली पास्टी होती, खिमा-बटाटा भरलेली, ती टेबलावर ठेवली.

"नीट सांग."

"नीटच सांगतोय. किनाऱ्याच्या रस्त्यावर आपल्या केबलवर तित्तर बसलं होतं. ह्या शहाण्याने खालून छऱ्यांची बंदूक झाडली. तित्तर मेलं आणि केबलही मेली. महाशय इथेच उभे आहेत माझ्यासमोर. एका हातात तित्तर, दुसऱ्या हातात टोपी. माफी मागतायत. डेट्रॉइटहून आलेत."

"तरीच. आपल्याकडचा असता तर तित्तर घेऊन कधीच पळाला असता."

"हसू नकोस. काचेचे तंतू आहेत, तुझ्या स्वेटरची लोकर नाही. एकेक जोडत बसायचं. जोडणीची गाडी निघालीय म्हणे, पण आज संध्याकाळ होणार. लोक बोंबलतायत का तिकडे?"

"कोण बोंबलणार? कुणाला पत्ताही नाही."

समोरच्या पडद्यावर किनाऱ्याच्या लाईनचा दिवा लाल होता आणि कड्याच्या लाईनचा हिरवा. आमच्या भागातून बाहेरच्या जगाकडे दोनच वाटा जातात. एक सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने, खांबांवरून जाणारी केबल. दुसरी कड्यावरच्या टॉवरवरून, हवेतून, थेट पलीकडच्या टॉवरकडे. पहिली तुटली की दुसरी आपोआप भार उचलते. फोनवर बोलणाऱ्याचा शब्दसुद्धा अर्धा राहत नाही. चांगल्या दुसऱ्याची हीच तर खूण असते, तो आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

आमच्या टेलिफोन सहकारी संस्थेत सगळंच दोन-दोन आहे. दोन वाटा, दोन जनरेटर, बॅटऱ्यांच्या दोन रांगा. टॉवरवर चढायचं तर माणसंही दोन, एक वर आणि एक खाली. विधवा तेवढी एकच आहे, ती मी.

हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा तो पहिला दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी शाळा बंद असतात, चर्चमध्ये पाद्री आणि म्हाताऱ्या तेवढ्या उरतात. झाडून सगळे पुरुष आणि निम्म्या बायका केशरी जाकिटं चढवून जंगलातल्या आपापल्या कॅम्पवर. तिथे बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते आणि कुणाला ती नकोही असते. ऑफिसात मी होते. शेजारच्या खोलीत मेव्हिस, इमर्जन्सीचे कॉल घेणारी. आणि आमचा मॅनेजर रूडी बोद्री, जो पहाटेच कड्यावर गेला होता, कारण ओला बर्फ पडत होता आणि त्याला टॉवरची काळजी वाटत होती.

त्याला काळजी वाटत होती. वाटू दे की. अकरा वर्षांपूर्वी वाटायला हवी होती.

माझ्या टेबलासमोर, दाराजवळ, एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. वर 'आत', खाली 'बाहेर'. आमचे आजे-पणजे तांब्याच्या खाणीत उतरायचे तेव्हापासूनची ही रीत. प्रत्येकाचा नाव कोरलेला पितळी बिल्ला असतो. खाणीत उतरताना तो स्वतःच्या हाताने 'बाहेर'च्या ओळीत लावायचा, वर आल्यावर स्वतःच्याच हाताने 'आत' लावायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. जो आला नाही त्याचा बिल्ला बाहेरच राहतो. खाणी बंद पडल्या, आम्ही फोनचे खांब रोवले, पण फळी तीच ठेवली. टॉवरवर जाणारा प्रत्येक जण आधी तिच्यापुढे उभा राहतो.

'बाहेर'च्या ओळीत पहिल्या खिळ्यावर आर्वो तोलोनेनचा बिल्ला आहे. आर्वो माझा नवरा. अकरा वर्षं तो बाहेर गेलेला आहे.

तेव्हाही असाच शिकारीचा पहिला दिवस होता. किनाऱ्याची लाईन वादळाने तुटली होती आणि कड्यावरच्या डिशवर बर्फ चढत होता. आर्वो खाली उभा राहून वाट बघत होता. त्या दिवशीचा दुसरा माणूस होता रूडी, आणि रूडी कॅम्पवर गेला होता, "बोलावलंत तर अर्ध्या तासात हजर" असं सांगून. आर्वोने मला सांगितलं, रूडीला लाव. मी लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, तर बंद. मी आर्वोला म्हणाले, उचलत नाहीये. तो म्हणाला, "येईल गं. मी सुरुवात करतो तोवर. हॉस्पिटलचे फोन लटकलेत माझ्यावर."

तो वर घसरला. पडून मेला असता तर मी देवाशी भांडले असते आणि गप्प बसले असते. पण तो पडला नाही. सुरक्षेच्या पट्ट्याने त्याला धरलं आणि तो लोंबकळत राहिला. पट्टा मांड्यांत रुततो, रक्त पायांत साचतं, हळूहळू माणूस जातो. खाली कुणी असतं तर दोरीने त्याला अलगद उतरवून घेतलं असतं. हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणाले.

चौकशीत रूडीने सांगितलं, कॅम्पवर रेंज नव्हती. मी म्हणाले, रेंज नसती तर वाजला कसा? दोनदा वाजला आणि कुणीतरी कापला. जिचा जन्म लोकांचे फोन जोडण्यात गेला तिला न उचललेला फोन आणि कापलेला फोन यातला फरक कळत नाही का? चौकशीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. "मिसेस तोलोनेन, तुम्ही दुःखात आहात." मी दुःखात होतेच, पण बहिरी नव्हते. गावानेही मूग गिळले. पुढच्या वर्षी रूडी मॅनेजर झाला.

मॅनेजर झाल्यावर त्याने नियमांचा पाऊस पाडला. टॉवरवर कप्पी आणि सुटकेची दोरी बसवली. ऑफिसातल्या प्रत्येकाने, फोन घेणाऱ्यांनीसुद्धा, खाली उभं राहण्याचं काम शिकायचं ठरलं. आणि शिकारीच्या पहिल्या दिवशी पोरांना सुट्टी देऊन तो स्वतः कामावर राहू लागला. गाव म्हणालं, बघा, किती लावून घेतलंय बिचाऱ्याने. मी म्हणते, करून करून भागला आणि देवपूजेला लागला.

मी मात्र ते काम शिकले. दरवर्षी नव्याने परीक्षा देत राहिले. डेल चिडवायचा, "अगं, छप्पन्न वर्षांची तू, तुला कोण बोलावणार टॉवरवर?"

"बघू," मी म्हणायचे.

मला ठाऊक होतं मी कशाची वाट बघतेय. एक दिवस रूडी बोद्री टॉवरखाली उभा राहून दुसरा माणूस मागेल, आणि ती हाक माझ्याकडे येईल. मग मी काय करीन याचे मांडे मी मनातल्या मनात कितीदा खाल्ले होते. प्रत्येक वेळी मी फोन दोनदा वाजू देई आणि कापून टाकी.

*

डेलचा फोन ठेवला आणि पास्टी उचलली, तोच कड्याचा दिवा पिवळा झाला.

शेजारून मेव्हिस ओरडली, "व्हर्ना, माझा कॉल तुटक ऐकू येतोय! ओन्नी रुस्का हरीण ओढता ओढता छातीला हात लावून बसलाय. त्याचा जावई बोलतोय. अर्धे शब्द गायब!"

दरवर्षी पहिल्या दिवशी एखादा म्हातारा असा बसतोच. वर्षभर खुर्चीत बसायचं आणि त्या दिवशी दीडशे किलोचं हरीण बर्फातून ओढायचं. जावई कुठल्या वाटेवर आहे ते सांगत होता आणि नेमके वाटेचेच शब्द गळत होते.

तेवढ्यात टेबलावरची वॉकीटॉकी खरखरली. रूडी होता.

"व्हर्ना, डिशवर बर्फाचा थर बसलाय. खालून दिसतोय मला. आणखी तासभर हे असंच पडलं तर लाईन जाणार. चढायला हवं. डेलला पाठव."

"डेल किनाऱ्यावर आहे. केबल तुटलीय."

त्याला ते ठाऊकच नव्हतं. दुसरी वाट इतकी बिनबोभाट चालू होती की पहिली गेल्याचं कड्यावर बसलेल्या माणसालाही कळलं नव्हतं.

"म्हणजे सगळं ह्याच्यावरच आहे?"

"सगळं. आणि ओन्नी रुस्काचं हृदयही."

"आणखी कोण आहे?"

मी फळीकडे बघितलं. 'आत'च्या ओळीत बिल्लेच बिल्ले होते आणि त्यांचे धनी जंगलात, कुठे झाडावर मचाण बांधून बसलेले. शेवटच्या खिळ्यावर माझा बिल्ला होता. तो आजवर कधी खाली उतरला नव्हता.

मी बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबलं नाही.

"व्हर्ना? ऐकतेयस ना?"

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली. मी तिच्याकडे बघत बसले. खोटं कशाला बोलू, गोड वाटलं मला. अकरा वर्षांत इतकं गोड काही लागलं नव्हतं. तिकडे तो बर्फात उभा होता, मान वर करून, आणि इकडून उत्तर येत नव्हतं. कसं वाटतं, रूडी? असंच वाटतं.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "कुणी नसेल तर मी सुरुवात करतो. थांबण्यात अर्थ नाही."

मी सुरुवात करतो.

तेच शब्द. आर्वोचे शब्द ह्याच्या तोंडात. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्याला मरायचंच असेल तर खुशाल मरू दे, असं एक मन म्हणालं. दुसरं मन म्हणालं, आणि मग? मग त्याचाही बिल्ला आर्वोच्या शेजारी कायमचा राहील आणि गाव दोघांची नावं एका दमात घेईल. दोघे शूर. दोघे कामावर गेले. दरवर्षी एकच फुलांचा गुच्छ दोघांत. नाही. एवढं स्वस्त मरण मी त्याला देणार नव्हते.

मी बटण दाबलं. "पायरीला पाय लावायचा नाही. दुसरा माणूस येतोय."

"कोण?"

मी उत्तर न देता वॉकीटॉकी खिशात टाकली. मेव्हिसला फोन सांभाळायला सांगितलं. फळीपुढे उभी राहिले आणि माझा बिल्ला काढून 'बाहेर'च्या ओळीत लावला. आर्वोचा बिल्ला हाताला लागला. गार होता.

*

कड्यावर जाईपर्यंत गाडीने दोनदा गिरकी घेतली. टॉवरखाली रूडी पट्टे चढवून उभा होता. माझी गाडी त्याने ओळखली आणि त्याचा चेहरा उतरला.

"तू?"

"का? नियम तुझाच आहे. फोन घेणाऱ्यांनीसुद्धा शिकायचं."

"व्हर्ना, तुझ्यावर ही वेळ यावी असं मला—"

"वळ."

तो वळला. मी त्याचा एकेक पट्टा तपासला. खांद्याचा, कमरेचा, मांड्यांचा. प्रत्येक इतका आवळला की तो कण्हला.

"लागलं?"

"नाही."

"लागायला हवं होतं."

दोरीचं एक टोक त्याच्या पाठीवरच्या कडीत अडकवलं. तिथून ती वर कप्पीवरून खाली येते आणि काँक्रीटच्या खुंट्याला बांधलेल्या ब्रेकमधून जाते. वरचा माणूस घसरला की ब्रेक दोरी आपोआप पकडतो. मग खालच्याने ब्रेकची मूठ ओढायची, म्हणजे माणूस सावकाश खाली येतो. मूठ सोडली की जागच्या जागी लोंबकळतो. माझ्याकडे होती ती मूठ.

रूडीने एकदा मुठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चढायला लागला. माणूस भित्रा नव्हता, हे मला कबूल करायलाच हवं.

मी दोरी ओढत राहिले. बर्फ डोळ्यांत जात होता. वरून लाकडी हातोड्याचा आवाज यायला लागला आणि डिशवरच्या बर्फाचे तुकडे खाली येऊन फुटू लागले. टॉवरच्या पायाशी असलेल्या यंत्राच्या खोपटाचं दार मी उघडंच ठेवलं होतं. आतला दिवा पिवळाच होता. वॉकीटॉकीवर मधूनच डेल बोलत होता, जोडणीची गाडी आलीय, चार तंतू झाले, बोटं गोठली. त्याला मेव्हिस मधूनच उत्तर देत होती. आमची वॉकीटॉकी अशी सगळ्यांची मिळून एकच असते. एक बोलला की सगळे ऐकतात. डेल, मेव्हिस, ॲम्ब्युलन्सवाले, आणि जिथे जिथे एखादी चालू असेल तिथले सगळे.

हे मला त्या क्षणी आठवत होतं का? होतं.

डिशची एक बाजू साफ झाली. दुसऱ्या बाजूला जाण्यासाठी रूडीने कमरेच्या पट्ट्याची कडी सोडली, आणि ती पुढच्या दांड्याला अडकवायच्या आत त्याचा पाय सरकला.

दोरीला हिसका बसला. ब्रेकने कचकन चावा घेतला. वर रूडी टॉवरपासून हातभर लांब झुलत होता, एखाद्या गोणीसारखा. पायऱ्यांपर्यंत पाय पोचत नव्हता.

"व्हर्ना!" वॉकीटॉकीतून त्याचा श्वास ऐकू येत होता. "थोडं खाली घे. हातभर घेतलंस तर पाय टेकेल."

माझा हात मुठीवर होता. मी ती ओढली नाही.

"व्हर्ना?"

"ऐकतेय."

"खाली घे. पट्टा रुततोय."

"हो. रुततो तो. रूडी, त्या दिवशी फोन वाजला होता का?"

वाऱ्याने टॉवर घुमत होता.

"मी विचारलं, वाजला होता का?"

"हे आत्ता—"

"आत्ताच. मला घाई नाहीये. मी खालीच उभी आहे. मी कुठे कॅम्पवर गेलेले नाही."

पुन्हा वारा. मग वॉकीटॉकीतून त्याचा आवाज आला, बारीक, म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा.

"वाजला होता."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मग?"

"समोर हरीण होतं. आठ टोकांच्या शिंगांचं. सकाळपासून त्याची वाट बघत होतो. आवाजाने ते मान वर करेल म्हणून... कापला. बंद केला. म्हटलं, आर्वो थांबेल. पाच मिनिटांनी करतो मी फोन. आर्वो कधी एकटा चढत नाही."

"मारलंस?"

"काय?"

"हरीण. मारलंस का?"

तो रडत होता बहुतेक. वाऱ्यामुळे नीट कळलं नाही.

"नेम चुकला," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर माझ्या आतलं काहीतरी सुटेल. गेली कित्येक वर्षं मी एखादं मोठं कारण शोधत होते. दारू असेल, बाई असेल, आर्वोशी जुनं वैर असेल. माझा नवरा एका हरणापायी गेला होता आणि ते हरीणसुद्धा पळून गेलं होतं. त्याच्या मांसाचा एक तुकडाही कुणाच्या ताटात पडला नव्हता.

मी त्याला तसंच धरून ठेवलं. किती वेळ, ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तोही कधी बोलला नाही. एवढंच सांगते की तो ओरडला नाही, आणि त्याने पुन्हा खाली घे असंही म्हटलं नाही. त्याने स्वतःला माझ्यावर सोडून दिलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी काही त्याची पाद्री नव्हते.

मग वॉकीटॉकीवर मेव्हिसचा आवाज आला, अवघडलेला. "व्हर्ना... ॲम्ब्युलन्स ओन्नीपर्यंत पोचलीय. डॉक्टरांना हृदयाचा आलेख पाठवायचाय. जात नाहीये."

मी मूठ ओढली. रूडी हातभर खाली आला, पाय पायरीला लागला, त्याने कडी अडकवली आणि टॉवरला मिठी मारून उभा राहिला.

"खाली येतो मी," तो म्हणाला. "हात चालत नाहीयेत."

"दिवा पिवळाच आहे. वर जा."

"व्हर्ना..."

"दुसरी बाजू राहिलीय. आर्वोने साफ केली होती ती. मेला तेव्हा डिश स्वच्छ होती. वर जा, रूडी. दोरी माझ्या हातात आहे."

तो गेला. हातोड्याचे घाव सावकाश पडू लागले. मोठा थर सुटला आणि माझ्यापासून चार पावलांवर येऊन फुटला. खोपटातला दिवा हिरवा झाला. वॉकीटॉकीवर मेव्हिस म्हणाली, "गेला. आलेख गेला." नंतर कुणीच काही बोललं नाही. डेलही नाही, आणि डेल गप्प बसणाऱ्यातला नव्हे.

रूडी खाली उतरला तेव्हा त्याच्या मिशांत बर्फ गोठला होता. मी त्याच्या पाठीवरची कडी सोडवली, दोरी गुंडाळली. तो हातमोजे काढून उभा राहिला.

"मी किती वर्षं तुला सांगायचं म्हणत होतो. दर वर्षी. तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलोय. मला माफ—"

"नको."

तो थांबला.

"तू हाक मारलीस," मी म्हणाले. "मी आले. एवढंच होतं ते, रूडी. एवढंच करायचं होतं."

तो तिथेच उभा राहिला. मी गाडीत बसले आणि निघाले. माफी मागायची तर त्याने आर्वोची मागावी. आर्वो देईलही, त्याचा स्वभाव तसाच होता. माझा नाही.

*

ऑफिसात आले आणि माझा बिल्ला 'आत' लावला. मेव्हिसने न विचारता कॉफी आणून दिली आणि वेलदोड्याच्या पावाची जाड फोड. संध्याकाळी किनाऱ्याचा दिवा हिरवा झाला आणि डेल आला. बर्फ झटकत दारात उभा राहिला.

"ओन्नी वाचला," तो म्हणाला. "हॉस्पिटलात कुरकुरतोय म्हणे, माझं हरीण कुणी उचललं म्हणून."

"बरं झालं."

डेलने आपला बिल्ला 'आत' लावला. मग माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाला, "ऐकलं आम्ही. सगळ्यांनी."

"माहीत आहे."

"जोडणीच्या गाडीतल्या पोरांनी हात थांबवले होते." तो अजूनही फळीकडेच बघत होता. "मी तेव्हा चौकशीत बोलायला हवं होतं, व्हर्ना. मला माहीत होतं त्या कॅम्पवर रेंज येते. सगळ्यांनाच माहीत होतं."

मी कॉफी प्याले. आमच्याकडे माणसं एवढं बोलली म्हणजे खूप झालं. त्यालाही ते कळलं, आणि तो घरी गेला.

रूडी सगळ्यात शेवटी आला. पाय फरफटत. फळीपुढे उभा राहिला. त्याचा बिल्ला पहाटे त्यानेच 'बाहेर' लावला होता, आर्वोच्या शेजारच्याच खिळ्यावर. हात वर नेला. बोटं बिल्ल्यापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. मग त्याने हात खाली घेतला, टोपी घातली आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा कामावर आला, टेबलाशी बसला, कागदांवर सह्या केल्या. बिल्ला बाहेरच. तिसऱ्या दिवशीही बाहेरच. नव्याने लागलेल्या पोरीने एकदा विचारलं, "रूडी तर आत बसलाय, मग त्याचा बिल्ला असा का?" डेलने तिला गप्प केलं. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावत नाही.

पुढच्या वसंतात रूडी निवृत्त झाला. केक कापला, घड्याळ दिलं, टाळ्या वाजल्या. कड्यावर आता नवी डिश आहे, तिला बर्फ लागला तर ती आतून तापते. टॉवरवर कुणाला फारसं चढावं लागत नाही. रूडी जाताना फळीपुढून गेला, पण थांबला नाही. 'बाहेर'च्या खिळ्यांवर दोन बिल्ले राहिले.

दर शनिवारी, ऑफिस बंद करायच्या आधी, मी ओल्या फडक्याला थोडी राख लावून आर्वोचा बिल्ला घासते. खिळ्यावरून न काढता. तो अजून सोन्यासारखा चमकतो. शेजारचा काळा पडत चाललाय, नाव जेमतेम वाचता येतं. एकदा फडकं चुकून त्याच्यापर्यंत गेलं होतं.

मी ते मागे घेतलं.